एमएचटी-सीईटीचे नियम आणि स्वरूप: कोकणातील विद्यार्थी व पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कोकण विभागीय मंडळाची पहिली बारावीची परीक्षा २०१२ साली झाली आणि तेव्हापासून उत्तीर्णांच्या टक्केवारीत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा हा विभाग राज्यात सातत्याने पहिला येत आहे. हे यश अभिमानाचे आहेच. परंतु राज्यातील अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या बहुतांश जागांची गुणवत्ता यादी बारावीच्या टक्क्यांवर लागत नाही. ती राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच सीईटी सेल, घेत असलेल्या एमएचटी-सीईटी या ऑनलाइन परीक्षेतील पर्सेंटाइलवर, म्हणजे इतर परीक्षार्थींच्या तुलनेतील स्थानावर, लागते. कृषी पदवीसाठीही ही परीक्षा द्यावी लागते. उत्तरपत्रिकेत सुवाच्य अक्षरात, मुद्देसूद उत्तरे लिहिण्यात तयार झालेला विद्यार्थी जेव्हा माऊस हातात घेऊन स्क्रीनसमोर बसतो, तेव्हा विषयाचे ज्ञान तेच असले तरी परीक्षा मात्र वेगळीच असते. म्हणून परीक्षेचे नियम आणि स्वरूप हा अभ्यासक्रमातलाच एक धडा मानून त्याला वेगळा वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. हा धडा शहरातल्या मोठ्या क्लासमध्ये आपोआप शिकवला जातो. राजापूर, देवगड किंवा मंडणगडच्या एखाद्या गावातून येणाऱ्या मुलाला तो स्वतःच शिकावा लागतो.

माहितीपुस्तिका आधी, पाठ्यपुस्तक नंतर

सीईटी सेल दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर माहितीपुस्तिका प्रसिद्ध करतो. ती विद्यार्थी आणि पालक दोघांनीही स्वतः वाचावी. मोठ्या भावाने दोन वर्षांपूर्वी परीक्षा दिली होती, त्यामुळे आम्हाला सगळे माहीत आहे, या समजुतीवर विसंबू नये, कारण तारखा, अर्जात मागितली जाणारी माहिती आणि केंद्रांची यादी दर वर्षी बदलू शकते. २०२४ मध्ये ही परीक्षा २२ एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत चालली, तर २०२५ मध्ये ती ९ एप्रिलला सुरू होऊन नियोजनानुसार २७ एप्रिलला संपणार होती. दोन आठवड्यांचा हा फरक उजळणीचे सगळे गणित बदलून टाकतो.

पुस्तिका वाचताना पेन्सिल घेऊन बसावे आणि चार गोष्टींखाली रेघ मारावी: अर्जाची शेवटची तारीख, आपल्या गटाच्या परीक्षेचा कालावधी, हॉल तिकीट कधी मिळणार याची सूचना आणि परीक्षा केंद्रात काय नेता येते व काय नेता येत नाही. या चार गोष्टी घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवल्या, तर पुढची निम्मी धावपळ टळते.

प्रश्नपत्रिकेचे स्वरूप

परीक्षेचे दोन गट आहेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हा पीसीएम गट. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हा पीसीबी गट. अभियांत्रिकीसाठी पीसीएम आवश्यक आहे. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी यांसाठी दोन्हींपैकी कोणताही गट चालतो. बारावीला गणित आणि जीवशास्त्र असे दोन्ही विषय असलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही गटांची परीक्षा देता येते. तिचे शुल्क अर्थातच जास्त पडते आणि दोन्ही परीक्षा वेगवेगळ्या दिवशी होतात. ज्याचे मन लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात अभियांत्रिकी करायचे की दापोलीच्या कृषी विद्यापीठात जायचे याबाबत अजून ठरलेले नाही, त्याने निदान पीसीएम द्यावी, कारण तिच्यावर दोन्ही दारे उघडी राहतात.

दोन्ही गटांत एकूण गुण २०० आणि एकूण वेळ १८० मिनिटे असते. पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० प्रश्न एकत्र सोडवायचे असतात आणि प्रत्येक प्रश्नाला १ गुण असतो. दुसऱ्या ९० मिनिटांत पीसीएम गटाला गणिताचे ५० प्रश्न असतात, ज्यांना प्रत्येकी २ गुण मिळतात, आणि पीसीबी गटाला जीवशास्त्राचे १०० प्रश्न असतात, ज्यांना प्रत्येकी १ गुण मिळतो. सर्व प्रश्न चार पर्यायांचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.

या आकड्यांतून तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, पीसीएम गटात निम्मे गुण एकट्या गणिताचे आहेत. तेव्हा गणित टाळून रसायनशास्त्रावर भर देण्याचा बेत बारावीत चालून जातो, इथे चालत नाही. दुसरी म्हणजे, गुण वजा होत नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातातली संधी सोडणे होय. तिसरी गोष्ट अनेकांना परीक्षेच्या खोलीत गेल्यावरच कळते: दोन्ही भागांची वेळ स्वतंत्र आहे. पहिला भाग ७० मिनिटांत संपला, तरी उरलेली २० मिनिटे गणिताला वापरता येत नाहीत. ९० मिनिटे पूर्ण झाली की पहिला भाग आपोआप बंद होतो, दुसरा उघडतो आणि मागे जाता येत नाही. मात्र पहिल्या भागाच्या आत भौतिकशास्त्राकडून रसायनशास्त्राकडे आणि परत अशी ये-जा करण्याची मोकळीक असते. दिव्यांग विद्यार्थ्यांना नियमाप्रमाणे जादा वेळ मिळतो. त्यासाठी अर्जातच नोंद करावी लागते आणि प्रमाणपत्र तयार असावे लागते.

प्रश्नांचा साधारण २० टक्के भार अकरावीच्या निवडक धड्यांवर आणि ८० टक्के भार बारावीच्या संपूर्ण अभ्यासक्रमावर असतो. म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा गणित यांच्या ५० प्रश्नांपैकी सुमारे १० अकरावीचे असतात. अकरावीची पुस्तके पुतण्याला किंवा शेजारच्या मुलीला देऊन टाकण्याची आपल्याकडे चांगली पद्धत आहे. ती परीक्षा होईपर्यंत थांबवावी. अकरावीचे कोणते धडे धरले आहेत त्याची यादी सीईटी सेल जाहीर करतो. ती उतरवून घेऊन तेवढेच धडे करावेत, सगळी पुस्तके पुन्हा उघडून बसू नये.

भाषेचा नियमही नीट समजून घ्यावा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न इंग्रजी, मराठी किंवा उर्दूतून घेता येतात, पण गणिताची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत असते. आपल्याकडची बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला इंग्रजीतून विज्ञान घेतात. ज्याने दोन वर्षे वर्गात आणि पुस्तकात ‘मोमेंटम’ आणि ‘कपॅसिटन्स’ हेच शब्द वापरले आहेत, त्याला ‘संवेग’ आणि ‘धारकता’ वाचताना उलट अधिक वेळ लागेल. म्हणून मातृभाषेच्या प्रेमापोटी नव्हे, तर ज्या भाषेत विषय डोक्यात बसला आहे ती पाहून अर्जात पर्याय निवडावा.

अर्ज भरताना

गेल्या काही वर्षांत अर्ज साधारणपणे डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालले आहेत. गावाकडे अर्ज बहुधा महा-ई-सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत भरला जातो. तसे करण्यात गैर काही नाही, पण अर्ज भरताना विद्यार्थ्याने शेजारी बसावे आणि प्रत्येक पान पुढे जाण्यापूर्वी स्वतः वाचावे. केंद्रचालकाने घाईत स्वतःचा ईमेल किंवा मोबाइल क्रमांक टाकला, तर हॉल तिकिटापासून प्रवेशफेरीपर्यंतचा प्रत्येक संदेश त्याच्याकडे जातो आणि विद्यार्थ्याला पत्ताही लागत नाही. ईमेल विद्यार्थ्याचा स्वतःचा असावा. मोबाइल क्रमांक असा असावा, जो पुढचे सहा महिने घरातच राहणार आहे.

या शेवटच्या वाक्याचे महत्त्व कोकणात अधिक आहे. वडील मुंबईला नोकरीला, आधारशी जोडलेला क्रमांक त्यांच्या फोनमध्ये आणि मुलगा गावात संगणकासमोर, अशी स्थिती अनेक घरांत असते. ओटीपी काही मिनिटेच चालतो. वडील त्या वेळी लोकलमध्ये किंवा कामावर असले की अर्ज तिथेच अडतो. त्यातच काही वाड्यांमध्ये सड्यावर गेल्याशिवाय फोनला रेंज येत नाही. तेव्हा कोणत्या दिवशी, किती वाजता अर्ज भरणार हे वडिलांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे आणि शेवटची तारीख जवळ येण्याआधीच हे काम उरकावे.

नाव लिहिताना दहावीचे गुणपत्रक समोर ठेवावे. गुणपत्रकावर आडनाव आधी येते, आधारवर बहुधा शेवटी; एका ठिकाणी वडिलांचे नाव पूर्ण असते, दुसऱ्या ठिकाणी नुसते आद्याक्षर असते. ओळखपत्रावरचे नाव आणि अर्जातले नाव यांत ठळक फरक असेल, तर आधार दुरुस्ती डिसेंबरच्या आधीच करून घ्यावी, कारण तिला वेळ लागतो. छायाचित्र अलीकडचे, चेहरा स्पष्ट दिसणारे आणि पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवरचे असावे. वर्तमानपत्रावर ठेवलेल्या जुन्या फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो चढवू नये. शुल्क भरल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नाही. बँकेतून पैसे गेले पण पावती निघाली नाही, असे झाल्यास दुसऱ्यांदा पैसे भरण्यापूर्वी आपल्या लॉगिनमध्ये व्यवहाराची स्थिती तपासावी. अर्जाची आणि पावतीची प्रत छापून एका फाइलमध्ये ठेवावी व अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा.

स्क्रीनची सवय

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग मी हाच मानतो, कारण इथे जाणारे गुण अभ्यास कमी पडल्यामुळे जात नाहीत.

आजच्या मुलांना मोबाइल उत्तम येतो, त्यामुळे संगणकाची परीक्षा त्यांना सोपी जाईल, असे पालकांना वाटते. परंतु मोबाइलवर बोटाने सरकवणे आणि साध्या माऊसने लहानशा गोलावर नेमके क्लिक करणे या दोन वेगळ्या सवयी आहेत. परीक्षेच्या स्क्रीनवर एका बाजूला प्रश्न आणि त्याचे चार पर्याय असतात, दुसऱ्या बाजूला प्रश्नक्रमांकांच्या चौकोनांचा तक्ता असतो आणि वर उरलेला वेळ उलटा मोजला जात असतो. अशा परीक्षांमध्ये चौकोनांचे रंग साधारणपणे असे असतात: प्रश्न उघडलाच नसेल तर करडा किंवा पांढरा, उघडला पण उत्तर दिले नसेल तर लाल, उत्तर नोंदले असेल तर हिरवा आणि पुन्हा पाहण्यासाठी खूण केली असेल तर जांभळा. परीक्षा सुरू होण्यापूर्वी दाखवल्या जाणाऱ्या सूचनांत रंगांचा अर्थ दिलेला असतो आणि खूण केलेले उत्तर गुणांसाठी धरले जाते की नाही हेही तिथेच लिहिलेले असते. ते वाक्य शोधून वाचावे.

आता एक प्रश्न सोडवण्याची कृती बारकाईने पाहू. विद्यार्थी पर्यायाच्या गोलावर क्लिक करतो आणि गोल भरलेला दिसतो. त्याला वाटते उत्तर दिले. पुढे तो तक्त्यातील एखाद्या दूरच्या प्रश्नक्रमांकावर थेट क्लिक करून तिकडे जातो. अशा परीक्षाप्रणालीत साधारणपणे ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ हे बटण दाबल्याशिवाय उत्तर नोंदले जात नाही. तक्त्यातून थेट उडी मारली की भरलेला गोल पुसला जातो आणि चौकोन लालच राहतो. रसायनशास्त्रातले आठ-दहा सोपे प्रश्न अशा रीतीने वाया जाऊ शकतात आणि निकाल लागेपर्यंत ते कळतही नाही. म्हणून गोल भरणे आणि ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबणे ही एकच कृती आहे, अशी हाताला सवय लावावी. दर १५-२० प्रश्नांनंतर तक्त्याकडे नजर टाकून हिरवे चौकोन मोजावेत. उत्तर रद्द करायचे असेल तर ‘क्लिअर रिस्पॉन्स’, बदलायचे असेल तर दुसरा गोल निवडून पुन्हा ‘सेव्ह’.

ही सवय लावण्यासाठी सीईटी सेलने सराव चाचणी उपलब्ध केली असेल, तर ती आधी सोडवावी, म्हणजे खऱ्या स्क्रीनची ओळख होते. नंतरच्या चाचण्या मोबाइलवर न देता डेस्कटॉप संगणकावर द्याव्यात. घरी संगणक नसेल, तर कनिष्ठ महाविद्यालयाच्या संगणक कक्षात रविवारी तीन तास बसण्याची परवानगी प्राचार्यांकडे लेखी अर्ज करून मागावी. चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून मागितली, तर सहसा नाही म्हटले जात नाही. तेही शक्य नसेल, तर तालुक्याच्या सायबर कॅफेत दर आठवड्याला एकदा तीन तास बसावे. वळवाच्या पावसात वीज जाते म्हणून सकाळची वेळ बरी. चाचणी अर्धवट सोडून चहाला उठू नये. सलग तीन तास एका खुर्चीत बसण्याचाही सराव लागतो.

कच्च्या कामाचाही सराव हवा. केंद्रावर कच्च्या कामासाठी कोरे कागद मिळतात आणि ते परत द्यावे लागतात. कागदावर छापलेला प्रश्न आपण बोट ठेवून वाचतो. स्क्रीनवर नजर वर-खाली होते आणि स्क्रीनवरून कागदावर उतरवताना उणे चिन्ह किंवा घातांक गळतो. यावर उपाय म्हणजे पूर्ण प्रश्न न उतरवता फक्त दिलेल्या राशी आणि काय काढायचे आहे तेवढेच उतरवणे, आणि प्रत्येक कामाशेजारी प्रश्नक्रमांक लिहून त्याला चौकट करणे. पुन्हा पाहायला आलो की मग आधीचे काम सापडते, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कॅल्क्युलेटर चालत नाही. लॉगचे आणि वर्गमुळाचे अंदाज तोंडी काढण्याची तयारी जानेवारीपासूनच ठेवावी.

वेळेची वाटणी

पहिल्या भागात १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद मिळतात. गणितात प्रश्नामागे १०८ सेकंद मिळतात. जीवशास्त्रात पुन्हा ५४ सेकंद. बारावीत चार गुणांचे उत्तर सावकाश लिहिणाऱ्या मुलाला हा वेग सुरुवातीला अशक्य वाटतो, आणि म्हणूनच सराव वेळ लावून करायचा असतो.

माझी शिफारस अशी आहे की पहिल्या भागात रसायनशास्त्र आधी घ्यावे, कारण त्यातील बरेच प्रश्न आठवणीवर सुटतात, आकडेमोड कमी असते आणि सुरुवातीलाच हिरवे चौकोन वाढल्याने मनाला धीर येतो. त्याला साधारण ३५ मिनिटे द्यावीत, भौतिकशास्त्राला ४५ आणि शेवटची १० मिनिटे राहिलेल्यांसाठी ठेवावीत. गणितात दोन फेऱ्या कराव्यात: पहिल्या फेरीत वाचताक्षणी मार्ग दिसतो तेवढेच प्रश्न, दुसऱ्या फेरीत मेहनतीचे प्रश्न. एखाद्या प्रश्नावर तीन मिनिटे गेली आणि उत्तर पर्यायांशी जुळत नसेल, तर खूण करून पुढे जावे. इथे अडून बसणे हा बाणेदारपणा नव्हे.

पर्याय समोर असणे ही या परीक्षेतली सोय आहे, ती वापरण्यात कमीपणा मानू नये. इंटिग्रेशनच्या प्रश्नात उत्तर काढण्याऐवजी दिलेल्या पर्यायाचे डेरिव्हेटिव्ह घेऊन मूळ राशी परत येते का ते पाहता येते. भौतिकशास्त्रात कधी नुसती परिमाणे तपासली तरी दोन पर्याय बाद होतात. उरलेल्या दोनांतून निवड करणे हे चारांतून निवडण्यापेक्षा केव्हाही चांगले. प्रत्येक भागाची शेवटची तीन मिनिटे तक्त्यात लाल राहिलेले सर्व चौकोन हिरवे करण्यासाठी राखून ठेवावीत. उत्तर येत नसले तरी एक पर्याय निवडून ‘सेव्ह’ करावा.

केंद्र आणि प्रवास

अर्जात परीक्षा केंद्रासाठी जिल्ह्याची पसंती द्यावी लागते. प्रत्यक्ष केंद्र, दिवस आणि सत्र मात्र सीईटी सेल ठरवतो. पसंती देताना नकाशावरचे अंतर न पाहता रस्ता पाहावा. वैभववाडीच्या विद्यार्थ्याला कोल्हापूर जवळ वाटते, पण मध्ये करूळचा घाट आहे, आणि घाट दुरुस्तीसाठी किंवा दरडीमुळे बंद असला की वळसा पडतो. साखरप्याकडच्या मुलांना आंबा घाटाबाबत हाच विचार करावा लागतो. समुद्राकडच्या गावांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. गुहागर तालुक्यातील तवसाळ परिसरातून रत्नागिरीला जाताना जयगडची फेरीबोट घेतली तर मोठा वळसा वाचतो, परंतु सकाळची पहिली फेरी कधी सुटते, ओहोटी किंवा वाऱ्यामुळे ती लांबते का, याची चौकशी जेटीवर आधी करावी आणि सकाळचे सत्र असेल तर त्या फेरीच्या भरवशावर राहूच नये.

गेल्या काही वर्षांत सकाळचे सत्र ९ ते १२ आणि दुपारचे २ ते ५ असे झाले आहे, आणि केंद्रावर त्याच्या बरेच आधी हजर राहावे लागते. नेमकी वेळ आणि दार बंद होण्याची वेळ हॉल तिकिटावर छापलेली असते. दार बंद झाल्यावर कोणतेही कारण चालत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण सर्वांची घड्याळे एकाच वेळी सुरू व्हायची असतात. सकाळचे सत्र आणि दोन तासांहून अधिक प्रवास असे असेल, तर आदल्या दिवशी नातेवाइकांकडे किंवा लॉजवर मुक्कामाला जावे.

रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी सुरू होते, पण हॉल तिकीट परीक्षेच्या काही दिवस आधीच मिळते. एप्रिल-मे म्हणजे चाकरमानी गावी येण्याचा, लग्नसराईचा आणि आंब्याचा हंगाम. हॉल तिकीट हाती येईपर्यंत कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या भरलेल्या असतात. एकेरी मार्गामुळे क्रॉसिंगला गाडी थांबून उशीर होणेही नित्याचे आहे. शिवाय रत्नागिरीसारखी स्थानके शहरापासून काही किलोमीटर दूर आहेत, तेव्हा उतरल्यावर रिक्षेचा वेळही धरावा लागतो. परीक्षेच्या दिवशी रेल्वेने पोहोचण्याचा बेत मी कोणालाही सुचवणार नाही. एसटीने जायचे असेल, तर वस्तीची गाडी पहाटे किती वाजता सुटते हे आगारात विचारून घ्यावे आणि तिच्यानंतरची दुसरी गाडी चुकली तर काय करणार, हेही ठरवून ठेवावे. एकाच भागातल्या तीन-चार विद्यार्थ्यांचे सत्र एक असेल, तर मिळून जीप करणे परवडते. आदल्या संध्याकाळी केंद्राची इमारत प्रत्यक्ष पाहून यावी; एकाच संस्थेच्या दोन इमारती गावाच्या दोन टोकांना असतात आणि हॉल तिकिटावरचा पत्ता वाचूनही गोंधळ होतो.

परीक्षेच्या दिवशी

हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र एवढ्या दोन गोष्टींना पर्याय नाही. मोबाइलमधले हॉल तिकीट दाखवून चालेल, असे समजू नये. ओळखपत्राची झेरॉक्सही पुरेशी नसते. सोबत साधे बॉलपेन असावे. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, कॅल्क्युलेटर, वह्या व चिठ्ठ्या आत नेता येत नाहीत, म्हणून त्या पालकांकडेच ठेवाव्यात. केंद्राबाहेर सामान सांभाळण्याची सोय असेलच असे नाही. एप्रिलचा उकाडा लक्षात घेऊन सैल, सुती कपडे घालावेत आणि घरचे हलके खाणे करून निघावे.

आत गेल्यावर ओळख तपासली जाते, संगणक ठरवून दिला जातो आणि लॉगिन होते. स्क्रीनवर दिसणारे आपले नाव, छायाचित्र, गट आणि भाषा तपासावी. काही चुकीचे असेल, तर परीक्षा सुरू होण्यापूर्वीच पर्यवेक्षकांना सांगावे. माऊस अडखळत असेल, कळ दाबली जात नसेल किंवा स्क्रीन अंधूक असेल, तर संकोच न करता हात वर करावा. आपल्याकडची मुले भिडस्त असतात, ‘चालेल, राहू दे’ म्हणून गप्प बसतात. इथे तसे करू नये. मध्येच संगणक बंद पडला, तर घाबरून स्वतः बटणे दाबत बसू नये, पर्यवेक्षकांना बोलवावे. नोंदलेली उत्तरे सर्व्हरवर जतन होत असतात, हे ‘सेव्ह’ करत जाण्याचे आणखी एक कारण.

एखाद्या प्रश्नाचे चारही पर्याय चुकीचे वाटले, तर त्यावर थांबू नये. एक पर्याय निवडावा, क्रमांक लक्षात ठेवावा आणि पुढे जावे. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे असल्याचे आढळले आणि त्या सत्राची फेरपरीक्षा ५ मे रोजी घेण्यात आली. अशी दुरुस्ती नंतर होऊ शकते, परंतु परीक्षेच्या खोलीत गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

परीक्षेनंतर

परीक्षा झाली म्हणून लॉगिन विसरू नये. काही दिवसांनी सीईटी सेल विद्यार्थ्याची प्रश्नपत्रिका, त्याने दिलेली उत्तरे आणि तात्पुरती उत्तरतालिका लॉगिनमध्ये उपलब्ध करतो. चुकीच्या वाटणाऱ्या उत्तरावर ठरावीक मुदतीत, प्रत्येक प्रश्नाचे शुल्क भरून आक्षेप घेता येतो. आक्षेप भावनेवर न घेता पाठ्यपुस्तकाचे पान शोधून, शिक्षकांना दाखवून मगच घ्यावा.

निकालात दिसणारा आकडा टक्केवारी नव्हे, पर्सेंटाइल असतो, आणि तो दशांशचिन्हानंतर सात स्थळांपर्यंत दिलेला असतो. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून विद्यार्थ्याची तुलना त्याच्याच सत्रातील विद्यार्थ्यांशी केली जाते. समजा, एका सत्राला १०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांतील ९,५०० जणांचे गुण एखाद्या मुलीइतके किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत, तर तिचा पर्सेंटाइल ९५ होतो, मग तिला २०० पैकी १२० गुण असोत की १३५. शेजारच्या मुलाला आपल्याइतकेच गुण असून त्याचा पर्सेंटाइल वेगळा का, याचे उत्तर यात आहे. घरच्या मंडळींनाही हे समजावून सांगावे, म्हणजे ‘९५ टक्के पडले’ म्हणून पेढे किंवा ‘६० च पडले’ म्हणून रडारड, दोन्ही टळतील.

निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया सुरू होते आणि तिथे कागदपत्रांवरून जागा जातात. अधिवास प्रमाणपत्र, आरक्षण असल्यास जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, ही सगळी मे महिन्यातच हाती असावीत. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या आर्थिक वर्षअखेरपर्यंत, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत असल्याची खात्री करावी. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तहसीलच्या सेतू केंद्रात बारावीची, दहावीची आणि पीकविम्याची अशी सगळी गर्दी एकत्र होते, आणि सर्व्हर त्याच दिवसांत संथ चालतो. जात वैधतेचा अर्ज तर अकरावीतच महाविद्यालयामार्फत दाखल करून त्याची पोच अर्जाच्या फाइलमध्ये लावून ठेवावी.